गाळलेलं पान

आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन सोळा दिवस झाले होते. पट्टी निघाली होती, ताटातला भात आणि समोरचं घड्याळ पुन्हा दिसायला लागलं होतं, पण वाचन महिनाभर बंद. पेपर वाचल्याशिवाय जिचा दिवस उजाडत नाही तिला ही शिक्षाच होती. म्हणून रोज सकाळी सात वाजता नाना तिच्या खाटेशेजारी बसून पेपर मोठ्याने वाचायचा. पंचावन्न वर्षांचा सरकारी वकील, कोर्टात ज्याचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येतो, तो आईला हवामानाचा अंदाजसुद्धा वाचून दाखवायचा. दर चार तासांनी डोळ्यात थेंबही तोच घालायचा. शेजारीपाजारी म्हणायचे, मुलगा असावा तर असा.

ते खोटं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवायला हवं, कारण पुढचं ऐकल्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

त्या रविवारी ताई नेहमीप्रमाणे साडेबाराला आली. फोन गाडीत ठेवला, अंगरक्षकाला खाली दवाखान्याच्या बाकावर बसवलं. खालच्या मजल्यावर नानाच्या बायकोचा दातांचा दवाखाना आणि वर घर. त्यामुळे जिन्याला कायम लवंगतेलाचा वास, आणि पाहुणे जेवताना जरा बेतानेच चावतात. नानाच्या बायकोला घरात सगळे डॉक्टरीणबाई म्हणतात, ताईसुद्धा.

"अंगरक्षकाची अक्कलदाढ सुजलीय," ताई वर येत म्हणाली. "तुझ्या भिंतीवरचं चित्र बघून त्याने तोंडावर हात ठेवलाय."

"चित्र त्यासाठीच लावलंय," डॉक्टरीणबाई म्हणाली.

ताई मोठ्या कोर्टात न्यायाधीश. निवृत्तीला तीन महिने उरलेले. आणि तिच्या टेबलावर त्या आठवड्यात जे प्रकरण होतं ते सगळा देश बघत होता. नदीकाठच्या वस्त्यांमधली बासष्ट हजार नावं मतदार यादीतून एका रात्रीत उडाली होती. ज्यांची नावं गेली ते लोक कोर्टात आले होते. आधी हे प्रकरण दुसऱ्या दोन न्यायाधीशांकडे गेलं. एकाची चार दिवसांत बदली झाली, दुसऱ्याची ऐन वेळी पाठ धरली. मग ते ताईकडे आलं. शुक्रवारी तिने ऐकणं संपवलं. निकाल सोमवारी सकाळी साडेदहाला. याद्या कायमच्या बंद होणार मंगळवारी संध्याकाळी पाचला, आणि बारा दिवसांनी मतदान.

घरात यातलं अवाक्षर कुणी काढत नव्हतं. तो आप्पांचा नियम होता. आप्पा, म्हणजे ताई-नानांचे वडील, तेही न्यायाधीश. बैठकीच्या खोलीत त्यांच्या फोटोशेजारी पेपरातलं एक पिवळं पडलेलं कात्रण चौकटीत लावलंय: एका पाहुण्याने चालू खटल्याबद्दल एक शब्द काढला म्हणून आप्पा दुसऱ्या दिवशी खुर्ची सोडून उठले, त्याची बातमी. घरच्याचा, ओळखीच्याचा, कुणाचाही शब्द कानावर पडला की त्या खटल्यातून बाहेर पडायचं. शब्द खरा की खोटा, बघायचं नाही. ताईने सव्वीस वर्षांत दोनदा तसंच केलं होतं. एकदा तर केस कापणाऱ्या बाईने विषय काढला म्हणून.

तर जेवणं अर्ध्यावर आली होती.

"आणखी भाजी वाढू का ताई?"

"थोडी."

आणि आई म्हणाली, "अगं ताई, त्या नदीकाठच्या नावांचं काय गं करणार कोर्ट? नाना म्हणत होता, इतक्या उशिरा नावं परत घाला म्हणून सांगितलं तर अख्खी निवडणूक कोलमडेल. मला तर पटलं बाई. कोण का जज असेना, त्याला एवढं कळायला हवं की नको?"

डॉक्टरीणबाईचा डाव हवेतच राहिला. ताईने उचललेला घास परत ताटात ठेवला.

आईला डोळ्यांनी अजून नीट दिसत नव्हतं, पण चाळीस वर्षं न्यायाधीशाच्या घरात काढलेली बाई होती ती. अशी शांतता कशाची असते ते तिला सांगावं लागत नाही.

"कुणाकडे आहे ते प्रकरण?" तिने विचारलं. "ताई, मी विचारतेय. कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे, आई."

"तुझ्याकडे? कधीपासून?"

"अकरा दिवस झाले."

"पेपरात नाही आलं?"

"रोज येतंय. तिसऱ्या पानावर. शुक्रवारी तर माझा फोटोही होता."

आईने मान वळवली. नाना मीठ घेत होता. भाजीत मीठ बरोबर होतं, तरी घेत होता.

"राहिलं असेल वाचायचं," तो म्हणाला. "एवढा मोठा पेपर असतो."

"अकरा दिवस राहिलं?" आई म्हणाली.

ताई उठली, हात धुतले आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली.

नाना मागोमाग गेला. जायलाच हवं होतं. हा क्षण त्याने मनात पन्नासदा घोळवला होता, आणि दरवेळी त्यात ताई रडायची नाहीतर ओरडायची. प्रत्यक्षात ती कुंडीतली वाळकी पानं खुडत उभी होती.

"तुला कुणी निकाल फिरवायला सांगत नाहीये," तो हळू आवाजात म्हणाला. "असा दे, तसा दे, मी म्हणालो का? तू फक्त बाजूला हो. आप्पांनी केलं तेच कर."

"आणि प्रकरण नव्या न्यायाधीशाकडे जाणार. कधी?"

"ते मी कसं सांगू?"

"मी सांगते. लवकरात लवकर गुरुवारी. आणि याद्या मंगळवारी बंद. पुढे कुणी कितीही न्याय केला तरी त्या लोकांनी काय करायचं त्या न्यायाचं, लोणचं घालायचं?"

खाली रस्त्यावर प्रचाराची गाडी चालली होती. ती वळेपर्यंत दोघं थांबले.

"आणि मी बाजूला नाही झाले तर?"

"तर उद्या आमचा वकील उभा राहून सांगेल की काल जेवताना तुमच्या घरी या विषयावर बोलणं झालं."

"त्याला कसं कळेल?"

नानाने रेलिंग धरलं.

"म्हणजे तू आधीच सांगून बसलायस," ताई म्हणाली. "बोलणं व्हायच्या आधी! वा रे पठ्ठ्या. आणि आईला पुढे केलंस. मी तुला शिकवलं ना रे उलटतपासणी कशी घ्यायची? स्वयंपाकघरात, लाटणं हातात घेऊन?"

"ताई, त्यांनी तुझी जुनी फाइल बाहेर काढलीय. एकोणीस वर्षांपूर्वीचा तो जामीन. त्यात काही नाही हे मला माहीत आहे, पण चौकशी लावतील. तीन महिने राहिलेत. सन्मानाने घरी ये ना! ते परवडलं की पेपरात रोज चिखलफेक?"

"आणि तुझी फाइल?"

हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं, तरी तो लागायचा तिथे लागला. न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या यादीत नानाचं नाव दोन वर्षं पडून होतं. प्रकरण ताईकडे आलं त्याच दिवशी मंत्रालयातून बोलावणं आलं, चहा झाला, आणि उठता उठता साहेब सहज म्हणाले, तुमच्या भगिनी फार तत्त्वाच्या आहेत, वडिलांसारख्याच, कुणी शब्द काढला तर उठून जातात म्हणे. बस, एवढंच. घरी येईपर्यंत नानाला कळलं होतं आपल्याकडून काय हवंय. आणि खरं सांगायचं तर त्याला ते फार वाईट वाटलंच नव्हतं. लाच नाही, धमकी नाही. बहिणीला तिच्याच नियमाप्रमाणे वागू द्यायचं.

"माझीही पुढे सरकेल," तो म्हणाला. "त्यात पाप काय आहे? आप्पांच्या मुलीने व्हायचं आणि मुलाने नाही?"

ताईने आणखी एक वाळकं पान खुडलं. पहिलीत असताना नानाची चड्डी वर्गात ओली झाली होती तेव्हा तिने आपला स्वेटर त्याच्या कमरेला बांधून त्याला घरी आणलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. आज का आठवलं कोण जाणे, आणि तिला त्याचा राग येईना.

आत डॉक्टरीणबाई ताटं उचलायची सोडून उभीच होती. तिच्या डोक्यात शब्दकोडं घोळत होतं.

घरातला पेपर सकाळी आठनंतर खाली दवाखान्यात जातो, वाट बघणाऱ्या पेशंटसाठी. शब्दकोडं असतं चौथ्या पानावर, म्हणजे तिसऱ्याच्या पाठीवर. गेले अकरा दिवस पेशंट कुरकुरत होते, डॉक्टर, कोड्याचं पान कुठाय? एका म्हाताऱ्याने तर दात काढून घेण्याआधी तिच्याशी भांडण काढलं होतं. तिने नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, चहा सांडला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, बूट पुसले. तिला ते पटलं नव्हतं. पण पटवून घेतलं होतं. नाना न्यायाधीश होणार हे तिने बहिणीला फोन करून सांगूनही टाकलं होतं, सरकारी बंगल्याला पडदे कुठल्या रंगाचे लावायचे यावर दोघींचं अर्धा तास बोलणं झालं होतं. आता ते पडदे आठवून तिचे कान तापले.

"आई," ती म्हणाली, "तिसरं पान रोज फाडलेलं असायचं. मला दिसत होतं. मी बोलले नाही."

"आता बोललीस ना," आई म्हणाली. "मला बाहेर घेऊन चल त्यांच्याकडे. नाही, थांब. त्यांनाच आत बोलाव. मी का उठू?"

दोघं आत आली. ताईने खुर्चीवरची पर्स उचलली होती.

"आई, मी निघते. उद्या प्रकरण सोडते. आप्पांनी हेच केलं असतं."

नानाने सुटकेचा श्वास टाकला. तो सगळ्यांना ऐकू गेला.

"आप्पांनी केलं ते चुकलं होतं," आई म्हणाली.

या घरात हे वाक्य यापूर्वी कुणी उच्चारलेलं नव्हतं. ताई पर्स धरून तशीच थांबली.

"बस खाली. तुम्ही दोघं. तूही बस गं." आईने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "ते कात्रण तुम्ही लहानपणापासून बघताय. कात्रणात अर्धीच गोष्ट आहे. गिरणीच्या चाळीतल्या तीनशे घरांचा खटला होता. गिरणीवाल्याला चाळ रिकामी करून हवी होती, आणि आप्पा त्या लोकांच्या बाजूने निकाल देणार हे अख्ख्या गावाला कळलं होतं. मग तो पाहुणा आला. इकडचं तिकडचं बोलला, आणि दारात चपला घालता घालता म्हणाला, गरिबांना संभाळा हो साहेब. बघा! बाजूने बोलला तो. आप्पा रात्रभर येरझाऱ्या घालत होते. सकाळी उठले ते प्रकरण सोडूनच आले. पेपरवाल्यांनी डोक्यावर घेतलं. नव्या न्यायाधीशाने पाच दिवसांत तीनशे घरं रस्त्यावर आणली."

"तो पाहुणा..." ताई म्हणाली.

"गिरणीवाल्यानेच पाठवलेला. मरताना कबूल केलं त्याने. पण त्याच्या आधी काय झालं ते ऐक. त्या चाळीतली एक बाई आपल्या दारात आली. कडेवर मूल. तिला भांडायचं नव्हतं. तिला एवढंच विचारायचं होतं की साहेब का उठले, आमचं काय चुकलं. आप्पा न्हाणीघरात जाऊन बसले आणि नळ सोडला. बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून. आणि मी तिला सांगितलं, साहेब घरी नाहीत. नळ वाहतोय, आणि मी सांगतेय साहेब घरी नाहीत! तिने ऐकला तो नळ."

आईने पदराने नाक पुसलं, डोळ्याला हात लावायचा नाही हे तेवढ्यातही तिच्या लक्षात होतं.

"नियम चांगला होता गं. पण तो सगळ्यांना माहीत झाला, आणि मग कुणीही यावं आणि आप्पांना हवं तेव्हा खुर्चीवरून उठवावं. आज माझ्या तोंडून उठवतायत तुला."

"मग काय करू? लपवू? ते तर त्याहून वाईट."

"लपवू नको. सांग. भर कोर्टात सांग. माझं नाव लिही. मी काय बोलले ते शब्दाला शब्द लिही, आणि मला कुणी बोलायला लावलं तेही लिही."

"आई!" नाना उभा राहिला. "तुला कळतंय का तू काय म्हणतेयस? नेमणूक तर गेलीच, सनदेवर येईल माझ्या. लोक काय म्हणतील, आप्पांच्या बायकोने मुलीवर दबाव आणला? तुझं नाव पेपरात येईल!"

"येऊ दे ना. वाचायला तर मला बंदी आहे."

डॉक्टरीणबाईला हसू फुटलं आणि त्याच हुंदक्यात रडूही. नाना तिच्याकडे बघत राहिला, ती त्याच्या बाजूने काही बोलेल म्हणून. ती ताटं उचलायला लागली.

ताईने पर्स टेबलावर ठेवली. "नाना," ती म्हणाली, "आज रात्रीपर्यंत वेळ आहे. तू स्वतः लिहून दे. मी लिहिण्याआधी."

नाना जिना उतरून खाली गेला. खालचं दार आपटल्याचा आवाज आला. संध्याकाळ झाली, ताई गेली, दिवे लागले, पण नानाने काही लिहून दिलं नाही. सात वाजता तो वर आला, हात धुतले, आईच्या डोळ्यात थेंब घातला आणि न जेवता झोपायला गेला.

सोमवारी सकाळी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. मागच्या बाकावर, भिंतीला टेकून, काळा चष्मा लावून आई बसली होती. शेजारी डॉक्टरीणबाई, दवाखाना बंद ठेवून आलेली. नवऱ्याच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत आई एकदाही कोर्टात आली नव्हती. शिपायाने तिला ओळखलं नाही, म्हणाला, आजी, निकालाला वेळ आहे, पाणी हवं का?

ताई येऊन बसली. आदल्या रात्री तिला झोप लागली नव्हती आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं. तिने समोरच्या फाइलला हात लावला नाही. स्टेनोकडे वळून म्हणाली, "घ्या."

"काल दुपारी माझ्या भावाच्या घरी जेवताना माझ्या आईने मला या प्रकरणाबद्दल प्रश्न विचारला. प्रकरण माझ्याकडे आहे हे तिला माहीत नव्हतं. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तिला पेपर वाचून दाखवला जातो. या प्रकरणाच्या बातम्या तिच्यापासून लपवल्या गेल्या, आणि हा विषय तिच्या मनात भरवला गेला. हे करणारी व्यक्ती म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ. तो याच कोर्टात सरकारी वकील आहे."

स्टेनोचं पेन थांबलं. पंधरा वर्षं तो नानाबरोबर कँटीनमध्ये चहा पीत आला होता.

"लिहा," ताई म्हणाली. "पूर्ण नाव लिहा." आणि तिने नाव सांगितलं. सांगताना तिचा आवाज नेहमीसारखाच राहिला, फक्त आडनावापाशी जरा अडला. ते तिचंही होतं.

सरकारच्या बाजूने उभा असलेला वकील पुढे आला. अशा प्रसंगाची त्याची तयारी झालेलीच होती. "न्यायमूर्तींच्या मोकळेपणाबद्दल आदर आहे. पण आता आपण हे प्रकरण ऐकणं योग्य नाही. आमचा तसा अर्ज आहे, सोबत शपथपत्र आहे. रविवारी दुपारी झालेल्या संभाषणाची माहिती त्यात दिलेली आहे."

अर्ज वर आला. ताईने शपथपत्र वाचलं, सावकाश. शेवटच्या पानावर आली, तिथे थांबली, आणि ते पान खिडकीच्या उजेडाकडे धरलं.

"हे शपथपत्र कुणापुढे केलंत?"

"नोटरीपुढे, नियमाप्रमाणे."

"रविवारी नोटरीचं ऑफिस उघडं असतं?"

वकिलाने आपल्या हातातली प्रत उलटून बघितली. त्याच्या सहायकाने बघितली. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"शिक्का शनिवारचा आहे," ताई म्हणाली. "दुपारी चार वाजून दहा मिनिटांचा. रविवारी माझी आई जेवताना काय बोलणार, हे तुमच्या माणसाने शनिवारी शपथेवर सांगितलंय. स्टेनो, हेही घ्या."

कुणीतरी मागे फिसकन हसलं. शिपायाने डोळे वटारले. ताई हसली नाही.

"अर्ज फेटाळला. मी कुठेही जात नाहीये." मग तिने फाइल ओढली आणि निकाल वाचायला घेतला. बासष्ट हजार नावं मंगळवारी संध्याकाळी पाचच्या आत यादीत परत घालायची. प्रत्येक वस्तीत यादी भिंतीवर लावायची. कसूर झाली तर अधिकाऱ्याने स्वतः हजर राहायचं. वाचायला एकोणीस मिनिटं लागली. मधे एकदाच ती पाणी प्यायला थांबली, आणि तेव्हा तिने मागच्या बाकाकडे बघितलं.

बाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये नाना उभा होता. काळ्या कोटात, हातात कसलीही फाइल नाही. लोक त्याच्या दोन्ही बाजूंनी वाट काढून जात होते आणि नमस्कार कुणीच करत नव्हतं. डॉक्टरीणबाईने त्याला बघितलं आणि आईचा हात घट्ट धरला.

आईने चष्म्याआडून अंदाज घेतला. "नाना आहे का?"

"हो, आई."

नाना जवळ आला. सकाळपासून त्याला दोन फोन येऊन गेले होते. पहिला ओरडला होता, दुसरा फार गोड बोलला होता. दुसऱ्याची त्याला जास्त भीती वाटत होती.

"अकरा वाजले असतील ना?" आईने विचारलं.

त्याने घड्याळ पाहिलं. "अकरा वाजून पाच मिनिटं."

"मग थेंब घाल."

खिशात बाटली होतीच. गेले सतरा दिवस ती त्याच्या खिशातच असायची. आई बाकावर बसली, तिने चष्मा काढला आणि मान मागे टाकली. नानाने वाकून डाव्या हाताने तिची पापणी वर धरली. पहिला थेंब गालावर पडला. दुसरा डोळ्यात गेला.

आईने डोळा मिटून घेतला. मिटल्या डोळ्यांनीच तिने चाचपडत त्याचं मनगट धरलं, आणि धरून ठेवलं.

"थेंब तूच घालत जा," ती म्हणाली. "पेपर मात्र उद्यापासून डॉक्टरीणबाई वाचेल."